विश्लेषण : तीन विद्यापीठांत काम, पण प्राध्यापकाचा पगार नाही... कोण होत्या नोबेलविजेत्या मारिया गोपर्ट मायर?

अणुकेंद्रकाच्या रचनेचे कोडे सोडवणाऱ्या मारिया गोपर्ट मायर यांना पूर्ण पगाराची प्राध्यापकी मिळाली, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. तोवर नोबेल मिळवून देणारे संशोधन करून झाले होते!

अमेरिकेत कशा आल्या?

मारिया यांचा जन्म १९०६ चा, तेव्हाच्या जर्मनीतील काटोविट्झचा. गटिंगेनमध्ये मॅक्स बॉर्न यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी घरी भाड्याने राहणाऱ्या जोसेफ मायर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाशी विवाह करून त्या बाल्टिमोरला गेल्या.

पगार का नाही?

पती जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक होते. एकाच कुटुंबातील दोघांना नोकरी न देण्याचा नियम आडवा आला, त्यात महामंदी. जर्मन पत्रव्यवहार सांभाळण्यासाठी किरकोळ मानधन तेवढे मिळाले. १९३३ मध्ये मुलगी, १९३८ मध्ये मुलगा झाला. संशोधन मात्र सुरूच राहिले. पुढे कोलंबिया विद्यापीठाने बसायला खोली दिली, पगार नाही. १९४६ नंतर शिकागोतही पद मिळाले ते बिनपगारी. घरखर्चाला हातभार लागला तो आर्गोन प्रयोगशाळेतील अर्धवेळ नोकरीचा.

'मॅजिक नंबर' म्हणजे काय?

केंद्रकातील प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनची संख्या २, ८, २०, २८, ५०, ८२ किंवा १२६ असेल, तर ते केंद्रक विशेष स्थिर असते. असे का, हे कळत नव्हते. एन्रिको फर्मी यांच्या एका प्रश्नावरून मारिया यांना दिशा सापडली : कण कक्षेत फिरतात आणि स्वतःभोवतीही गिरकी घेतात, या दोन्हींची दिशा जुळते की नाही यावर त्यांची ऊर्जा ठरते. हे गृहीत धरताच सगळे आकडे जुळले. जर्मनीत हान्स येन्सन स्वतंत्रपणे याच उत्तरापर्यंत पोहोचले होते. स्पर्धा करण्याऐवजी दोघांनी १९५५ मध्ये मिळून पुस्तक लिहिले.

नोबेल कधी मिळाले?

१९६० मध्ये सॅन दिएगो येथे पूर्ण पगाराची प्राध्यापकी मिळाली. पण लवकरच पक्षाघाताचा झटका आला. १९६३ मध्ये येन्सन आणि युजीन विग्नर यांच्यासह त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. मेरी क्युरी यांच्यानंतर हा मान मिळवणाऱ्या त्या दुसऱ्याच महिला. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले. तिसऱ्या महिलेसाठी भौतिकशास्त्राला २०१८ पर्यंत, म्हणजे ५५ वर्षे थांबावे लागले.