जर्डन यांचे पक्षी

टॉमस जर्डन (१८११–१८७२) हे कंपनी सरकारच्या मद्रास सेवेतील शल्यचिकित्सक. १८३७ पासून घोडदळासमवेत दख्खनेत फिरताना निजामी मुलखातील जालन्याच्या छावणीतही त्यांचे वास्तव्य घडले. पक्षी टिपून, त्यांची कातडी भरून त्यांनी संग्रह जमविला व ओळख पटविण्यासाठी तो स्कॉटलंडला जार्डिन यांच्याकडे धाडला. मात्र ग्रंथालयांच्या पूर्ण परिचयाची ती कसर संग्रहालाही लागली. पक्षी पोहोचले ते कुरतडलेले. तेव्हापासून जर्डन यांनी स्वतःच्याच निरीक्षणावर भिस्त ठेवली, हे आपल्या दृष्टीने इष्टच झाले. १८४३ ते १८४७ या काळात मद्रासेत त्यांचा ५० चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारतीय चित्रकारांच्या त्या कामाची युरोपातील पक्षितज्ज्ञांनी प्रशंसा केली.