कै. खाशाबा दादासाहेब जाधव

चैत्र-वैशाखांत आमच्या नगर जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील, गांवोगांवीं यात्रा भरतात, आणि यात्रा म्हटली कीं कुस्त्यांचा फड आलाच. हलगी वाजूं लागते, माणसें गोल करून बसतात, प्रथम लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग नारळाच्या, मग रुपयांच्या, आणि दिवस मावळतां मावळतां शेवटची मोठी कुस्ती होते. आमच्या वाचकांपैकीं किती तरी मुलांनीं त्या मातींत एखादी रेवडी मिळविली असेल. अशाच मातींतून निघालेला एक मुलगा पुढें फिनलंड देशापर्यंत गेला आणि स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांतील पहिलें ऑलिंपिक पदक मिळवून आला. त्याचें नांव पुष्कळांस ठाऊक आहे. चरित्र मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे, असें मुलांशीं बोलतांना आम्हांस आढळून आलें. म्हणून हा लेख.

सातारा जिल्ह्यांत कराड शहराजवळ गोळेश्वर नांवाचें खेडें आहे. तेथें ता. 15 जानेवारी 1926 रोजीं खाशाबांचा जन्म झाला. पांच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः नांवाजलेले मल्ल होते. त्यांनीं मुलास वयाच्या पांचव्या वर्षींच आखाड्यांत उतरविलें. 1940 पासून 1947 पर्यंत खाशाबा कराडच्या टिळक हायस्कुलांत शिकत होते. मध्यें 1942 चा स्वातंत्र्यलढा आला. सातारा जिल्हा त्या वेळीं पेटला होता. भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा देणें, त्यांचीं पत्रें इकडून तिकडे पोंचविणें, हीं कामें या विद्यार्थ्यानें केलीं.

पुढें ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीचें माहेरघर. शाहू महाराजांनीं तालमींस उदार आश्रय दिला होता, आणि पेठापेठांतून पहांटेच्या अंधारांत शड्डू ऐकूं येत. तेथें बाबूराव बलावडे व बेलापुरी गुरुजी यांनीं खाशाबांस शिकविलें. खाशाबा उंचीनें बेताचे, अंगानें सडपातळ. कॉलेजच्या वार्षिक सामन्यांत नांव घालण्यास ते गेले तेव्हां, हा मुलगा काय कुस्ती करणार, असें वाटून त्यांस प्रथम नकार मिळाला, व शेवटीं प्राचार्यांकडे जाऊन परवानगी काढावी लागली, अशी हकीकत सांगतात. परवानगी मिळाली, आणि त्यांनीं आपल्याहून थोराड गडी एकामागून एक चीत केले. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेंत धरून त्यास कमरेवरून फेंकणें, असें त्याचें थोडक्यांत वर्णन करतां येईल. यांत केवळ बळ पुरत नाहीं. दुसऱ्याचा तोल कोणत्या क्षणीं ढळतो, तें कळावें लागतें.

1948 सालीं लंडन येथें ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनीं खर्चाचा भार उचलल्यामुळें खाशाबांस जातां आलें. पण तेथें गेल्यावर त्यांस एक नवीच अडचण दिसली. आपली कुस्ती लाल मातींत होते. त्या मातींत ताक, तेल, हळद घालून ती मऊ केलेली असते, पाय तिच्यांत थोडा रुततो, आणि पाठ टेंकली कीं कुस्ती निकाली होते. लंडनला माती नव्हती, गादी होती. गादीवर पाय रुतत नाहीं. शिवाय घड्याळ चालूं असतें, आणि पाठ टेंकली नाहीं तरी गुणांवर निकाल लागतो. लहानपणापासून अंगवळणीं पडलेली विद्या परक्या नियमांत बसवावयाची होती. रीस गार्डनर नांवाच्या अमेरिकन कुस्तीगीरानें तेथें त्यांस शिकविलें, तेवढेंच शिक्षण. तरीहि खाशाबांचा आपल्या वजनगटांत सहावा क्रमांक आला. दुसऱ्या कोणी एवढ्यावर समाधान मानलें असतें. खाशाबा परत येऊन पुढच्या चार वर्षांच्या तयारीस लागले, आणि ह्या वेळीं त्यांनीं अधिक वजनाचा, म्हणजे 57 किलोचा गट धरला.

1952 सालचे सामने फिनलंडच्या हेलसिंकी या राजधानींत व्हावयाचे होते. निवडीच्या वेळीं पंचांनीं अगदीं थोड्या गुणफरकानें खाशाबांस मागें टाकलें. निर्णय अन्यायाचा आहे असें खाशाबांचें मत होतें. ते पंचांच्या अंगावर धांवून गेले नाहींत, कीं घरीं जाऊन रुसून बसले नाहींत. ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष पतियाळाचे महाराज होते. त्यांच्याकडे त्यांनीं दाद मागितली. पुन्हां कुस्ती लागली, आणि तींत निरंजन दास या मल्लास त्यांनीं निर्विवाद हरविलें. 2025 सालीं आमच्याच शहरांत महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या, त्या वेळीं पंचांच्या निकालावरून मैदानांत जो प्रकार घडला तो पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिला आहे. आम्हांस त्या दिवशीं खाशाबांची आठवण झाली, एवढेंच सांगतों.

निवड झाली, पण पैसा कोठून आणावयाचा? प्रवासाचा व राहण्याचा खर्च खेळाडूनेंच उभा करावयाचा होता. सरकारी मदत मिळवितां मिळवितां दिवस निघून चालले. गोळेश्वरच्या लोकांनीं घरोघर वर्गणी जमविली. कोणी रुपया दिला, कोणी त्याहून कमी. तरीहि रक्कम पुरेना. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकलें आणि 7,000 रुपये उभे केले. आमच्या मतें या चरित्रांतील सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. विद्यार्थी हरला असता तर काय झालें असतें, याचा विचार त्यांनीं केला नसेल असें नाहीं. घर गेलें असतें. आपल्या मुलांच्या शिक्षकांविषयीं घरीं बोलतांना पालकांनीं या गृहस्थांची आठवण ठेवावी.

हेलसिंकीस खाशाबांनीं प्रथम कॅनडाच्या, मग मेक्सिकोच्या व मग जर्मनीच्या मल्लास हरविलें. अखेरच्या फेरींत तिघेच उरले: खाशाबा, रशियाचा राशीद ममादबेयॉव्ह आणि जपानचा शोहाची इशी. या इशीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. तो मूळचा कुस्तीगीर नव्हे, ज्यूदोपटु. ज्यूदो ही जपानची नवी मल्लविद्या. जिगोरो कानो या शिक्षकानें 1882 सालीं तिची पहिली शाळा काढली. दुसऱ्या महायुद्धांत जपान हरल्यावर अमेरिकन अंमलाखालीं तेथील शाळांतून ज्यूदोस बंदी झाली, आणि इशीसारखे तरुण गादीवरच्या कुस्तीकडे वळले. अशा रीतीनें एक आपली ज्यूदो मागें ठेवून आलेला आणि दुसरा आपली लाल माती मागें ठेवून आलेला, असे दोन आशियाई मल्ल युरोपच्या एका टोंकास तिसऱ्याच प्रकारच्या कुस्तींत समोरासमोर आले. झुंज पूर्ण वेळ चालली. पाठ कोणाचीच टेंकली नाहीं. पंचांनीं गुणांवर इशीस विजय दिला.

त्यानंतर नियमाप्रमाणें मिळावयाची विश्रांति न देतांच खाशाबांस ममादबेयॉव्हशीं उभें केलें, आणि त्यांच्या बाजूनें बोलावयास भारतीय पथकाचा एकहि अधिकारी तेथें हजर नव्हता, असें सांगण्यांत येतें. दमलेले खाशाबा तीहि कुस्ती गुणांवर हरले. इशीस सुवर्ण, रशियनास रौप्य आणि खाशाबांस कांस्य पदक मिळालें. जपानास त्या सामन्यांत मिळालेलें सुवर्णपदक तें एकच. कोल्हापूरचेच केशव माणगांवे वरच्या वजनगटांत चौथे आले. त्यांचें पदक थोडक्यांत हुकलें. भारताच्या हॉकी संघानें त्याच हेलसिंकींत सुवर्णपदक जिंकलें, व देशभर गाजावाजा झाला तो मुख्यत्वें त्याचा.

कराडास मात्र तसें झालें नाहीं. खाशाबा परत आले तेव्हां त्यांस 151 बैलगाड्यांच्या मिरवणुकीनें गोळेश्वरास नेलें. एरवीं पाव तासाची वाट, तिला सात तास लागले. ज्यांनीं वर्गणी दिली त्यांस आपला रुपया कोठें गेला तें डोळ्यांनीं पाहावयास मिळालें.

मिरवणूक संपली, आणि खाशाबांनीं पहिलें काम केलें तें कर्जफेडीचें. कोल्हापुरांत कुस्त्यांचे फड भरवून ते स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशांतून प्राचार्य खर्डीकरांचें घर सोडवून दिलें. ऑलिंपिक पदक मिळालेला मल्ल शिक्षकाच्या घरासाठीं पुन्हां मातींत उतरला!

1955 सालीं ते पोलीस खात्यांत सब-इन्स्पेक्टर झाले. पुढील वर्षीं मेलबर्न येथें ऑलिंपिक सामने होते, परंतु गुडघ्याच्या दुखापतीमुळें त्यांस जातां आलें नाहीं. खात्यांतील तरुणांस त्यांनीं कुस्ती शिकविली, 27 वर्षें नोकरी केली, आणि असिस्टंट पोलीस कमिशनर या हुद्द्यावरून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीं मात्र त्यांस बरेच झगडावें लागलें. ता. 14 ऑगस्ट 1984 रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. त्या वेळीं ते 58 वर्षांचे होते.

हयातींत त्यांस सरकारचा मोठा बहुमान असा मिळाला नाहीं. त्यांच्या मागें महाराष्ट्र सरकारनें शिवछत्रपति पुरस्कार दिला, आणि मध्यवर्ति सरकारनें अर्जुन पुरस्कार दिला तो मृत्यूनंतर पंधरांहून अधिक वर्षांनीं. वैयक्तिक खेळांतील दुसरें पदक भारतास मिळण्यास 1996 साल उजाडलें. तें लिअँडर पेस यांनीं टेनिसमध्यें मिळविलें. मध्यंतरींच्या 44 वर्षांत खाशाबा एकटेच होते. 2010 सालीं दिल्लींत राष्ट्रकुल सामने भरले तेव्हां कुस्तीच्या भव्य मंडपास त्यांचें नांव देण्यांत आलें. त्या मंडपांत गादीच असते, माती नसते. गोळेश्वरच्या त्यांच्या घराचें नांव ऑलिंपिक निवास आहे.