आसरा आणि अक्षर

वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यात, शेंडगाव हे एक लहानसे खेडे आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी तेथे झिंगराजी व सखूबाई या परीट दांपत्याच्या पोटी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव डेबूजी. हाच मुलगा पुढे गाडगेबाबा म्हणून साऱ्या महाराष्ट्राला वंदनीय झाला.

डेबूजी लहान असतानाच त्याचे वडील वारले आणि घर मोडले. आई त्याला घेऊन अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या आपल्या माहेरी आली. तेथे मामांची गुरे राखावी व शेतात राबावे, यातच त्याचे बालपण सरले. पाटी-पेन्सिल त्याच्या हाती कधी आलीच नाही. पुढे मामांना कर्ज झाले. घरात कोणालाच लिहिता-वाचता येत नव्हते. सावकाराचा हिशेब त्यांना उमगला नाही आणि घाम गाळून पिकविलेले शेत हातचे गेले. अक्षरावाचून माणसाची केवढी हानी होते, हे डेबूजीने तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या आणि हाती खापराचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार. दिवसा खराट्याने गाव झाडावे आणि रात्री कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम असे. लोकांनी दिलेल्या पैशातील एक पैही त्यांनी स्वतःसाठी ठेवली नाही. त्या पैशातून पूर्णाकाठी ऋणमोचन येथे घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंना कोठे थारा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली.

परंतु केवळ आसरा देऊन बाबांचे समाधान झाले नाही. निराश्रित मुलाला अन्न दिले, तर त्याची आजची भूक भागते. विद्या दिली, तर तो जन्मभर स्वतःच्या पायांवर उभा राहतो. मात्र पोटाला भाकरी आणि डोक्यावर छप्पर नसेल, तर शाळा दाराशी असूनही त्याला तिचा उपयोग नाही. म्हणून बाबांनी आसरा आणि अक्षर यांची सांगड घातली. प्रसंगी ताट मोडावे, भाकरी हातावर घेऊन खावी, पण मुलांना शाळेत घालावेच, असे ते कीर्तनातून कळवळून सांगत. १९४९ साली त्यांनी चोखामेळा धर्मशाळा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आयुष्यभराच्या कष्टाची वास्तू देताना त्यांचा हात अडखळला नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर, पेढी नदीच्या पुलाजवळ, बाबांची प्राणज्योत मालवली. आजही युद्धामुळे वा महापुरामुळे घरदार सुटलेली असंख्य मुले छावण्यांत राहतात. त्यांनाही अन्नाइतकीच शाळेची गरज असते. त्यांच्यासाठी झटणाऱ्यांना बाबांचे चरित्र वाट दाखवील. ज्यांनी शाळेचा उंबरठा कधी ओलांडला नाही, त्यांचेच नाव आज अमरावतीचे विद्यापीठ अभिमानाने धारण करीत आहे.