श्री काळभैरवाचे सेवक : श्रीमंत महादजी शिंदे

॥ श्री काळभैरवाय नमः ॥



उज्जयिनीस येणारा भाविक श्री महाकालेश्वराचे दर्शन घेऊन क्षिप्रातीरी भैरवगढास येतो, तेव्हा श्री काळभैरवाच्या मस्तकावरील शिंदेशाही पगडी त्याचे लक्ष वेधून घेते. ही पगडी कोणाची, असे अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर म्हणजे श्रीमंत महादजी शिंदे यांचे जीवनचरित्र होय. इतिहास त्यांना सेनानी व मुत्सद्दी म्हणून ओळखतो. परंतु आपल्या कुळासाठी आयुष्य वेचणारा कुटुंबवत्सल पुरुष व नम्र सेवक म्हणूनही त्यांचे स्मरण करणे उचित ठरेल.

शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. घराण्याचे संस्थापक राणोजी शिंदे यांनी माळव्यात उज्जैन हे आपले मुख्य ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांच्या हातून श्री महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी झाली. राणोजींना पाच पुत्र होते. जयाप्पा, दत्ताजी व जोत्याजी हे एका मातेचे, तर तुकोजी व महादजी हे चिमाबाईंचे. महादजींचा जन्म १७३० च्या सुमारास झाला. पाच भावांत ते धाकटे. कुळाचा भार आपल्या शिरावर येईल, असे त्या वेळी कोणास वाटलेही नसेल.

परंतु दैवाने या घराण्याची कठोर परीक्षा पाहिली. जोत्याजी आधीच गेले होते. १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात जयाप्पांची दग्याने हत्या झाली. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेकाठी बुराडी घाटावर दत्ताजींना वीरमरण आले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तुकोजी पडले आणि जयाप्पांचे तरुण पुत्र जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. स्वतः महादजींच्या पायावर असा घाव बसला की ते जन्मभर लंगडत चालले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेत सुखरूप आणले, असे सांगतात. महादजींनी हे उपकार कधीही विसरले नाहीत. राणेखानास त्यांनी भावाचा मान दिला व आपल्या सैन्यात मोठ्या पदास चढविले. सख्खे भाऊ गमावलेल्या पुरुषाने परक्यास भाऊ मानावे, यातच त्यांच्या अंतःकरणाची थोरवी दिसते.

घराण्याच्या सरदारकीवरही पुढे वाद उभे राहिले. त्यांच्या हक्कास पुण्यात विरोध झाला. अखेर १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी सरदारकी त्यांच्याकडे कायम केली.

परंपरा सांगते की, पानिपतच्या पराभवानंतर महादजींनी श्री काळभैरवाच्या चरणी आपली पगडी अर्पण केली व उत्तरेत मराठ्यांची गेलेली सत्ता पुन्हा उभी राहावी, अशी प्रार्थना केली. पगडी हा पुरुषाचा मान. तो मानच त्यांनी देवाच्या स्वाधीन केला. प्रार्थना सफल झाल्यावर त्यांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य बहुतेक उघड्या आभाळाखालीच गेले. वाड्यापेक्षा छावणी, गादीपेक्षा घोड्याची पाठ हेच त्यांचे घर झाले. १७७१ मध्ये मराठी फौजांनी दिल्ली घेतली व पुढील वर्षारंभी बादशहा शाहआलम आपल्या राजधानीत परतला. १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांना नमते घ्यावे लागले, त्यात महादजींचा वाटा मोठा होता. १७८२ चा सालबाईचा तह त्यांच्याच मध्यस्थीने झाला. १७८४ मध्ये बादशहाने पेशव्यांस वकील-ए-मुतलक हे पद दिले व त्याचा कारभार महादजींकडे आला. १७८७ मध्ये लालसोट येथे अपयश आले तरी ते खचले नाहीत. गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले, तेव्हा १७८८ मध्ये त्यांच्याच फौजेने दिल्ली सोडवून त्या अंध बादशहास पुन्हा तख्तावर बसविले.

एवढे वैभव लाभूनही ते स्वतःस पाटील म्हणवून घेत. १७९२ मध्ये ते पुण्यास आले, तेव्हा कोवळ्या वयाच्या सवाई माधवरावांसमोर त्यांनी पेशव्यांचे जोडे उचलण्याची आपली वडिलोपार्जित सेवा पुढे केली, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. ते श्रीकृष्णाचे भक्त होते. मथुरेत त्यांचा दीर्घकाळ मुक्काम असे आणि स्वतः भक्तिपर पदेही रचीत. बीडकडील मन्सूरशहा या सत्पुरुषांवरही त्यांची श्रद्धा होती.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचे देहावसान झाले. तेथील शिंदे छत्री आजही त्यांचे स्मरण देते. कन्या बाळाबाई होत्या, परंतु पुत्र नव्हता. म्हणून पानिपतावर पडलेल्या तुकोजींचे नातू दौलतराव वारस झाले. भावाच्या रक्ताकडेच कुळाची धुरा परत गेली. दुर्दैवाने महादजींच्या पश्चात त्यांच्या विधवा स्त्रिया व दौलतराव यांच्यात वैर पेटले, आणि १८०१ मध्ये खुद्द उज्जैननगरीस युद्धाची झळ सोसावी लागली. एका पुरुषाने तीस वर्षे जपलेले घर त्याच्या मागे किती लवकर दुभंगू शकते, हा बोध प्रत्येक कुटुंबाने घ्यावा असा आहे.

भाविकहो, पुढील वेळी श्री काळभैरवाचे दर्शन घेताना त्या पगडीकडे क्षणभर पाहावे. सर्वस्व गमावल्यावर ज्याने प्रथम आपला मान देवाचरणी ठेवला आणि मगच कार्यास हात घातला, त्या सेवकाची ती खूण आहे. आपणही आपला अहंकार तेथे ठेवून आपल्या घराची व समाजाची सेवा करावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ श्री काळभैरवार्पणमस्तु ॥

— सचिव