योहानेस डिडेरिक व्हान डेर वाल्स

योहानेस डिडेरिक व्हान डेर वाल्स (२३ नोव्हेंबर १८३७, लायडेन – ८ मार्च १९२३, अ‍ॅम्स्टरडॅम) हे डच भौतिकशास्त्रज्ञ होते. वायू व द्रव यांच्या अवस्था-समीकरणावरील कार्यासाठी त्यांना १९१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पृष्ठताणाचा त्यांचा सिद्धांत आज बहुवारिक द्रवांनाही लावला जातो.

जीवन

व्हान डेर वाल्स हे एका सुताराचे पुत्र. त्यांनी शालेय शिक्षकाची नोकरी करत लायडेन विद्यापीठातील व्याख्याने ऐकली. परंतु लॅटिन व ग्रीक भाषांचे शिक्षण झालेले नसल्याने त्यांना विद्यापीठाच्या परीक्षांना बसता येत नव्हते. पुढे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी ही अट शिथिल झाली आणि १८७३ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट मिळवली. रेणूंना आकारमान असते व ते परस्परांना आकर्षितात, हे गृहीत धरून वायू व द्रव या एकाच पदार्थाच्या सलग अवस्था आहेत, असे त्यांनी प्रबंधात दाखवले. १८७७ मध्ये ते अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८८१ मध्ये पत्नी ॲना यांचे क्षयाने निधन झाले. त्यानंतर सुमारे दशकभर त्यांचे लेखन जवळजवळ थांबले होते.

पृष्ठताणाचा सिद्धांत

१८९३ मध्ये त्यांनी केशाकर्षणाचा ऊष्मागतिकीय सिद्धांत मांडला. द्रव व बाष्प यांच्या सीमेवर घनता एकाएकी बदलत नाही. अतिशय पातळ थरात ती क्रमाक्रमाने उतरते. या उताराला लागणारी जास्तीची मुक्त ऊर्जा म्हणजेच पृष्ठताण होय. त्यामुळे अवस्था-समीकरण आणि घनतेच्या उताराशी निगडित एक गुणांक ज्ञात असल्यास पृष्ठताणाचे गणित करता येते. १९५८ मध्ये कान व हिलिअर्ड यांनी हीच मांडणी स्वतंत्रपणे केली.

बहुवारिकांसाठी उपयोग

वितळलेले बहुवारिक अतिशय दाट असल्याने त्यांचा पृष्ठताण मोजणे वेळखाऊ असते. ते अधिक तापवल्यास वाफ होण्याआधीच विघटन पावतात. म्हणून त्यांचे क्रांतिक तापमान प्रयोगाने मिळत नाही आणि त्यावर आधारलेली नेहमीची सूत्रे अपुरी पडतात. मात्र दाब व तापमानानुसार त्यांची घनता मोजता येते आणि तिच्यावरून अवस्था-समीकरण बसवता येते. पोझर व सांचेझ यांनी १९७९ मध्ये असे समीकरण व्हान डेर वाल्स यांच्या सिद्धांताशी जोडून बहुवारिकांच्या पृष्ठताणाचे गणित मांडले. लेप, चिकट द्रव्ये आणि बहुवारिकांची मिश्रणे तयार करताना अशा अनुमानांचा उपयोग होतो.