कॉर्नेलियाची उमेदवारी

‘पहिली महिला’ या सदरात बसवलेल्या बायकांचं एक दुर्दैव असतं. स्पर्धापरीक्षेच्या गाईडमध्ये त्यांच्या नावापुढे एक ओळ येते, आपण ती पाठ करतो, पर्यायावर खूण करतो आणि मोकळे होतो. कॉर्नेलिया सोराबजी : भारतातली पहिली महिला वकील. झालं. पण ही वकील जवळजवळ तीस वर्षं सनद नसताना वकिली करत होती आणि तिचं लहानपण आपल्या बेळगावात गेलं होतं, हे त्या एका ओळीत मावत नाही.

कॉर्नेलियाचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा, नाशिकचा. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेदजी हे पारशी घरातले, तरुणपणी ख्रिस्ती झालेले, पुढे मिशनरी. आई फ्रान्सिना हिला एका इंग्रज जोडप्यानं दत्तक घेऊन वाढवलं होतं. कुटुंब आधी बेळगावात राहिलं, मग पुण्याला गेलं. तिथे फ्रान्सिनाबाईंनी १८७६ मध्ये व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं. घरात मुली जास्त, आणि मुलींनी शिकायचं की नाही हा प्रश्नच घरात कधी नव्हता. प्रश्न बाहेर होता. मुंबई विद्यापीठानं मुलींना पदवीचे दरवाजे उघडावेत म्हणून सोराबजींनी बराच खटाटोप केला. मोठ्या मुलींना त्याचा फायदा मिळाला नाही, तो कॉर्नेलियाला मिळाला.

वकिलीचं बी कसं पडलं, हे तिनं म्हातारपणी लिहिलेल्या ‘इंडिया कॉलिंग’ या आत्मचरित्रात सांगितलं आहे. ती लहान असताना काठियावाडकडची एक पडदानशीन विधवा तिच्या आईकडे रडत आली. कारभार पाहणाऱ्या माणसानं कागदावर सही घेऊन तिची मालमत्ता गिळली होती. बाई पडद्यात, त्यामुळे परपुरुषासमोर जायची सोय नाही. आणि वकील तर सगळे पुरुष. मग तिनं गाऱ्हाणं सांगायचं कुणाला? त्या बाईचं काम काही झालं नाही, पण आईनं मुलीला सुचवलं की अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शीक. तेव्हा एकाही मुलीनं हिंदुस्थानात कायदा शिकलेला नव्हता. आई बोलून गेली आणि लेकीनं ते मनावर घेतलं.

डेक्कन कॉलेजात कॉर्नेलिया गेली तेव्हा सगळ्या वर्गात मुलगी ती एकटीच. पदवी परीक्षेत ती पहिल्या वर्गात आली, आपल्या तुकडीत सर्वांत वर. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर. या निकालावर विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. पण तिच्या सांगण्याप्रमाणे ती मुलगी आहे म्हणून नाकारण्यात आली. गुण चालले, पण गुण मिळवणारी चालली नाही. ही गोष्ट तिच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा घडणार होती.

रडत न बसता तिनं नोकरी धरली. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजीची हंगामी प्राध्यापक. वय एकवीस-बावीस, समोर वर्गभर पुरुष विद्यार्थी, त्यातले काही तिच्याच वयाचे. मी आता एकवीस वर्षांची आहे. आमच्या वर्गासमोर उभं राहून पाच मिनिटांचं प्रेझेंटेशन द्यायचं म्हटलं तरी माझे हात गार पडतात. त्यामुळे या नोकरीचं मला जास्तच कौतुक वाटतं.

तिकडे इंग्लंडमध्ये तिच्या हितचिंतकांनी हातपाय हलवायला सुरुवात केली. मेरी हॉबहाउस या बाईंनी १८८८ मध्ये ‘टाइम्स’ला पत्र लिहून लोकांकडे वर्गणी मागितली. पैसे देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, सर विल्यम वेडरबर्न होते. सरकारनं जे नाकारलं ते परक्या माणसांनी खिशातून काढून दिलं. आणि १८८९ मध्ये, बाविसाव्या वर्षी, कॉर्नेलिया इंग्लंडला पोचली.

लंडन तेव्हा जगातलं सर्वांत मोठं शहर. बेळगाव-पुण्याच्या मुलीनं दबून जावं असंच. पण ही बुजणारी नव्हती. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये तिचा मुक्काम, आणि सुट्टीत लंडनला हॉबहाउस पतिपत्नींचं घर म्हणजे तिचं माहेर. तिथून ती फिरायची, माणसांना भेटायची, आणि आठवड्याला पुण्याला लांबलचक पत्र टाकायची. कोण काय बोललं, कुणाकडे जेवायला गेले, कुठली साडी नेसले, सगळं त्यात. ही पत्रं ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहेत. नाइटिंगेलबाईंना ती भेटली. ऑक्सफर्डमध्ये मॅक्स म्यूलर यांच्याशी ओळख झाली. बॅलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट तर तिचे पालकच बनले. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पुढे पंतप्रधान होणारी माणसं येत, आणि तिथे ही पुण्याची पोरगी बसलेली असे. राणी व्हिक्टोरियाच्या दरबारात तिला सादर केलं गेलं तेव्हाही ती साडी नेसूनच गेली.

या साडीबद्दल थोडं बोलायला हवं. सोराबजींच्या घरचं वळण इंग्रजी, धर्म ख्रिस्ती, रक्त पारशी. साडी पारशी पद्धतीची, रेशमी, भारी रंगाची. इंग्लंडमध्ये तिच्याकडे पाहून लोकांना आख्खा हिंदुस्थान दिसायचा, आणि हिंदुस्थानात परतल्यावर अनेकांना ती मेमसाहेब वाटायची. आपण नक्की कुठल्या, हे दोन्हीकडे समजावून सांगत बसणं आपल्यातल्या काही जणांना अगदीच अनोळखी नाही. कॉर्नेलियानं समजावणं बहुधा सोडून दिलं होतं. तिनं साडीचाच उपयोग करून घेतला. गर्दीत तिला कुणी विसरत नसे.

फिरणं-भेटणं झालं, पण ती आली होती शिकायला. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणारी ती पहिली स्त्री. १८९० मध्ये सर विल्यम अ‍ॅन्सन यांनी तिला ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात बसून वाचायची परवानगी दिली. तिथेही बाईमाणूस पहिल्यांदाच आलं होतं. मग १८९२ मध्ये बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा आली. लंडनच्या परीक्षकानं बाईचा पेपर तपासायला नकार दिला. बायकांसाठी वेगळी, बाजूची परीक्षा द्यायचा मार्ग होता, पण तिला ते नको होतं. पुरुष देतात तीच परीक्षा, त्याच हॉलमध्ये. जोवेट आणि मंडळींनी खटपट केली आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर विद्यापीठानं खास ठराव करून तिला बसू दिलं.

ती पास झाली. तिसऱ्या वर्गात. आयुष्यभर पहिला वर्ग मिळवणाऱ्या मुलीला हे लागलंच असणार. पण खरी बोच वेगळी होती. परीक्षा झाली, निकाल लागला, पदवी मात्र नाही. ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवी देतच नव्हतं. पेपर द्या, पास व्हा आणि रिकाम्या हातानं घरी जा.

घरी जाण्याआधी लंडनमध्ये लिंकन्स इन फील्ड्सला ली अँड पेंबर्टन या सॉलिसिटरांच्या ऑफिसात तिनं काम शिकून घेतलं. दस्तऐवज कसे वाचायचे, मसुदा कसा करायचा, अशिलाशी कसं बोलायचं. जुन्या मराठीत याला उमेदवारी म्हणत. फरक एवढाच की इतर उमेदवार पुढे सॉलिसिटर व्हायचे. ती होऊ शकणार नव्हती, कारण कायदाच आड येत होता.

१८९३ मध्ये ती परत आली आणि तिच्या धंद्याची सुरुवात झाली, जर त्याला धंदा म्हणता येत असेल तर. पडदानशीन राण्या, जहागीरदारांच्या विधवा, पोरकी मुलं, यांच्या वतीनं ती अर्ज लिहायची. काठियावाड आणि इंदूरच्या ब्रिटिश एजंटांपुढे त्यांची बाजू मांडायची खास परवानगी तिला मिळाली. इंदूरच्या आपल्या वाचकांना हे ठाऊक असेल-नसेल. पण कोर्टात उभं राहून बचाव करायचा म्हटलं की पुन्हा तेच : तुमच्याकडे सनद नाही.

याच काळातला एक खटला तिनं मोठ्या मजेनं सांगितला आहे. अशील होता हत्ती. पंचमहालातल्या एका राजघराण्यानं हत्तीच्या पोटापाण्यासाठी जमीन लावून दिली होती आणि नंतर ती काढून घेतली. कॉर्नेलिया हत्तीच्या वतीनं राजासमोर गेली. न्यायाधीश म्हणजे स्वतः राजेसाहेब, तेही झोपाळ्यावर बसलेले. ती युक्तिवाद करायची तयारी करून आलेली. तेवढ्यात राजाचा कुत्रा तिच्याजवळ येऊन लाडात आला, आणि आपल्या कुत्र्याला बाई आवडली म्हणजे खटला तिनं जिंकला, असं राजानं जाहीर केलं. तिची सगळी कलमं पिशवीतच राहिली. हसू येतं खरं. पण ऑक्सफर्डहून कायदा शिकून आलेल्या बाईचा खटला कुत्र्याच्या पसंतीवर निघतो, यातली गंमत थोडी कडूही आहे.

दुसरा प्रसंग पुण्याचा, १८९६ चा. एका स्त्रीवर खुनाचा आरोप होता. त्या वेळच्या फौजदारी कायद्यात एक फट होती : आरोपीचा बचाव वकिलानंच करावा असं नाही, कोर्टाच्या परवानगीनं दुसरी कोणतीही व्यक्ती करू शकते. कॉर्नेलियानं त्या फटीतून पाऊल आत टाकलं. ‘कोणतीही व्यक्ती’ यात बाई येते की नाही? कोर्टानं ती येते असं धरलं. ब्रिटिश साम्राज्यातल्या न्यायालयात अशी उभी राहिलेली ती पहिली स्त्री मानली जाते. पण ती तिथे वकील म्हणून उभी नव्हती. ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणून उभी होती. बी.ए. पहिला वर्ग, बी.सी.एल., लंडनची उमेदवारी, आणि कायद्याच्या लेखी ती कोणीही.

मला तिच्या चरित्रातली ही जागा सगळ्यांत महत्त्वाची वाटते. अपमान गिळून ती बाजूला बसू शकली असती. किंवा सनद मिळेपर्यंत काम करणार नाही, असं म्हणू शकली असती. तिनं जी वाट उघडी सापडली तिच्यातून काम केलं, आणि बंद दारावर धडका देणंही थांबवलं नाही. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एल.एल.बी.ची परीक्षा दिली. १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. दोन्ही पास. तरीही हायकोर्टानं नाव नोंदवून घेतलं नाही.

पुढचं थोडक्यात. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन बायकांची सल्लागार म्हणून तिला सरकारी जागा मिळाली. तशी जागा असावी म्हणून तिनंच कित्येक वर्षं तगादा लावला होता. जवळपास वीस वर्षांत ६०० हून अधिक बायका-मुलांची प्रकरणं तिनं हाताळली. १९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं अखेर तिची नोंद केली, परीक्षेनंतर बावीस वर्षांनी. १९२२ मध्ये ऑक्सफर्डनं पदवी दिली, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती. १९२३ मध्ये स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा आला आणि तिनं कलकत्त्यात काम सुरू केलं. पण तिथेही बहुतेक कागदावर मत देण्याचीच कामं तिच्या वाट्याला आली. १९२९ मध्ये तिनं लंडन गाठलं आणि ६ जुलै १९५४ ला तिथेच तिचं निधन झालं.

तिची आरती ओवाळणं मात्र सोपं नाही. ती ब्रिटिश राज्याची कट्टर बाजू घेणारी होती. गांधीजींच्या चळवळीला तिनं उघड विरोध केला. कॅथरीन मेयोच्या ‘मदर इंडिया’ या १९२७ च्या बदनाम पुस्तकाची तिनं पाठराखण केली, आणि त्यामुळे तिच्या समाजकार्यातली माणसंही दुरावली. स्वातंत्र्यानंतर ती इतकी विसरली का गेली, याचं एक कारण इथे आहे. तिला शिकायला पैसे देणारी माणसं इंग्रज होती, हे खरं. पण शिष्यवृत्ती नाकारणारं सरकार आणि पदवी अडवून ठेवणारं विद्यापीठही इंग्रजांचंच होतं. तरी तिची निष्ठा हलली नाही. हे कोडं मला सुटलेलं नाही, आणि तिला देवी बनवून ते झाकावं असंही वाटत नाही.

२०१२ मध्ये लंडनच्या लिंकन्स इनमध्ये तिचा अर्धपुतळा बसवला गेला. ज्या भागात ती सॉलिसिटर न होता उमेदवारी करत होती, त्याच भागात. बेळगावात तिच्या नावाची खूण माझ्या तरी पाहण्यात नाही. पण आपल्या शहरातल्या मुली लॉ कॉलेजात जातात, काळा कोट घालून कोर्टाच्या पायऱ्या चढतात, आणि त्यांना तिथे ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणून परवानगी मागावी लागत नाही. वकील म्हणून आत जातात.