क्रांतिसिंह नाना पाटील : तलाठी ते प्रतिसरकार

इंग्रजांची सत्ता असतानाच साताऱ्यातील अनेक गावांत दुसरे सरकार चालत होते. ‘प्रतिसरकार’ नावाच्या या सरकारचा चेहरा होते क्रांतिसिंह नाना पाटील.

सुरुवात कशी झाली?
३ ऑगस्ट १९०० रोजी जन्मलेले नाना पाटील वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे. तलाठ्याची नोकरी त्यांनी १९३० च्या कायदेभंगात सोडली. सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. लग्नापायी शेतकरी कर्जात बुडू नये, म्हणून त्यांनी कमी खर्चाच्या ‘गांधी विवाहा’चा प्रसार केला. रांगड्या बोलीतल्या भाषणांमुळे गावोगावची माणसे त्यांना आपली मानू लागली.

प्रतिसरकार का उभे राहिले?
सप्टेंबर १९४२ मध्ये वडूज आणि इस्लामपूर येथील मोर्च्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. माणसे मारली गेली. निःशस्त्र मोर्च्यांनी भागणार नाही, असे अनेक कार्यकर्त्यांना वाटू लागले आणि ते भूमिगत झाले. १९४३ पासून प्रतिसरकारचा कारभार आकाराला आला.

कारभार कसा चालायचा?
गावातले तंटे न्यायदान मंडळे गावातच मिटवत. कोर्टाचे हेलपाटे आणि वकिलाचा खर्च वाचे. बंदोबस्ताला तुफान सेना होती. तिचे नेतृत्व जी. डी. बापू लाड यांच्याकडे होते. पैशासाठी सरकारी तिजोरीवरच हात टाकला जाई. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली गेली, तर एप्रिल १९४४ मध्ये धुळे जिल्ह्यात सरकारी खजिना.

‘पत्री सरकार’ हे नाव कशामुळे?
गावगुंड, दरोडेखोर आणि पोलिसांचे खबरे यांच्या तळपायांवर काठीचे फटके मारले जात. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, तशी ही शिक्षा. त्यावरून ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले. शिक्षा कठोर होती, पण गुंडांच्या जाचातून सुटका झाल्याने लोकांचा पाठिंबा टिकला.

इंग्रजांना ते का सापडले नाहीत?
घर-जमीन जप्त झाली, तरी नाना पाटील १९४६ पर्यंत हाती लागले नाहीत. ज्यांच्या घरी ते भाकरी खात, ती माणसे फुटली नाहीत. प्रतिसरकारचे खरे बळ हेच होते.

स्वातंत्र्यानंतर काय?
शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट पक्ष असा त्यांचा प्रवास झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते होते. १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून ते लोकसभेवर गेले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.